करवलीच्या कानात

(जुना जालना. कापडाच्या गोदामावरची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत. मधे माइक, टेबलावर स्पंजच्या तोंडाच्या तीन बाहुल्या.)

भागवत : घाबरू नको, आत्या. पादायचं काम आमदाराच्या बाहुल्याचं. तुझ्या बाहुलीनं फक्त गायचं. अन् बाहुल्यांचा असला तरी पोरांना बंदी हाये या सिनेमाला.

नंदाबाई : पादायला कोन घाबरतं? पन तुमचा आमदार चुकीच्या जागी पादून राह्यला.

चिन्मयी : चुकीच्या म्हणजे, मावशी?

नंदाबाई : भाषनाच्या आधीच उरकतो. आधी म्हनू द्या की, 'मी शब्दाचा पक्का.' टाळ्या पडू द्या. मंग सोडा.

भागवत : घ्या, चिन्मयीताई! म्हनलं न्हवतं? आख्ख्या केदारखेड्यात लग्नात आत्यासारखं इहिनीवर कोनी गायलं न्हाई. जेवून निघालेली मानसं परत मांडवात यायची.

चिन्मयी : लिहून घेतेय मी. खरं सांगू का, आम्ही सिनेमात पंधरा मिनिटं नुसत्या शिव्या घातल्यात. मागच्या आठवड्यात कच्चा सिनेमा चाळीस जणांना दाखवला, तर सगळे गप्प.

नंदाबाई : नुसती शिवी बसस्टँडवर बी भेटती, ताई. तिला मीठ लावावं लागतं. हे ऐका.
सायबाची तुमान ढिल्ली, नाडा झाला सैल,
दोन्ही हातांनी धरली खुर्ची, तुमान कोन धरंल?

भागवत : जमलं! अकरा वर्सांनी गायलीस, आत्या.

नंदाबाई : गायले कुठं? बोलले नुसतं. पुढचा कागद वाच. माझा चष्मा घरी राह्यला.

भागवत : आता ही दुसरी बाहुली, पुष्पाबाई. नवरा आमदार होता, वारला, मंग ही उभी राह्यली अन् निवडून आली. तिला बघून तुझी बाहुली गाती, 'आधी खाल्ला नवरा बाईनं, मंग खाल्ली सीट...'

नंदाबाई : थांब. हे मी न्हाई गायची.

चिन्मयी : मावशी, गप्प बसलेली माणसं फक्त इथेच हसली होती.

नंदाबाई : हसू द्या.

चिन्मयी : मग पुष्पाबाईंना सोडायचं का? नवऱ्याचा फोटो दाखवून मतं मागितली त्यांनी. सत्तेतल्या माणसाला टोचायचं नाही, तर टोचायचं कोणाला?

नंदाबाई : टोचा की! फोटो फिरवला त्याच्यावर म्हना, सडकेचा पैसा खाल्ला त्याच्यावर म्हना. नवरा तिनं न्हाई खाल्ला. तो मेला.

चिन्मयी : सिनेमा मोठ्यांसाठी आहे. मोठी माणसं एवढं सोसतात.

नंदाबाई : सोसतात. हसत हसत सोसतात, तेच तर वाईट.

भागवत : जाऊ दे आत्या, सांगू नको.

नंदाबाई : सांगते. ताई, आमच्यात इहिनीवर गायचं तर आधी तिकडच्या करवलीच्या कानात इचारायचं, 'कशावर गाऊ नको?' ती सांगती. तेवढं सोडून कमरेखालचं बी चालतं. अन् गाऊन झालं की इहिनीच्या तोंडात आपल्या हातानं घास द्यायचा. माझ्या लेकीच्या, दैवशालाच्या लग्नात मी इचारलंच न्हाई. म्हनलं, नंदाला काय गरज? ताठा, दुसरं काय! व्याही मांडवात न्हवते. सुरतेला धंदा हाये म्हनले. मी गायले, 'इहीन आली नटून, व्याही गेला पळून.'

चिन्मयी : मग?

नंदाबाई : खरंच गेल्ता. सहा वर्सं झाल्ती. सुरत लोकांना सांगायपुरती.

चिन्मयी : रागावल्या असतील.

नंदाबाई : हसल्या! आख्खा मांडव हसला, त्या बी हसल्या. मी म्हनलं, रंगलं. घास घेऊन गेले, तर पाटावर कोनीच न्हाई. मोरीत बसल्या होत्या, नळ सोडून. मला आजून त्या नळाचा आवाज येतो, ताई.

भागवत : तव्हापासून आत्या गात न्हाई. अन् त्या इहीनबाई, साधनाबाई, आमच्या दारात आल्या न्हाईत.

नंदाबाई : तुमचा खेळ रविवारी अंबडला ना? तिथंच राहतात त्या. माझा आवाज बराबर वळखतील. म्हनतील, नंदाला आजून अक्कल आली न्हाई.

चिन्मयी : कळलं. पण एवढा एकच हशा आहे हो माझ्याकडे. तो काढला, तर त्या जागी काय घालू?

नंदाबाई : हे घाला.
फोटो घेऊन दारोदारी मागितली मतं,
सडक गिळून बसली बाई, फोटो ठेवला कुठं?

चिन्मयी : हे जास्त लागतंय! भागवत, जुनं काढून टाक. मावशी, माइक लावू?

नंदाबाई : इचारल्याबिगर न्हाई गायचं म्हनलं ना. अन् बाहुलीला कुठली करवली?

चिन्मयी : मग साधनाबाईंनाच विचारा. फोन लावू?

नंदाबाई : उचलायच्या न्हाईत.

भागवत : वाजून राह्यला, आत्या. उचलला. बोल, स्पीकरवर हाये.

साधनाबाई : कोन?

नंदाबाई : मी... नंदा.

साधनाबाई : दैवशाला मळ्यात गेली. बरी हाये.

नंदाबाई : तिच्यासाठी न्हाई केला. इहीनबाई, मी परत गाऊन राह्यले. बाहुल्यांच्या सिनेमात, पुढाऱ्यांवर. रविवारी तुमच्याकडं लागनार हाये. तर... कशावर गाऊ नको?

साधनाबाई : आता इचारता?

नंदाबाई : आता इचारते. तव्हा चुकले मी.

साधनाबाई : नवऱ्यावर नको. कोनाच्याच.

नंदाबाई : न्हाई गात. मेलेल्या नवऱ्याचा फोटो फिरवून मतं मागनारी एक हाये, तिच्यावर?

साधनाबाई : तिला चांगली सोला.

नंदाबाई : बरं. ठेवू मंग?

साधनाबाई : थांबा. रविवारी तुम्ही येनार का?

नंदाबाई : आले तर?

साधनाबाई : आधी घरी या. तुमच्या हातचा घास राह्यलाय.