कडंचं बरफ

जयवंताबाई : सांग रं राधाकिसन, हिच्या तोंडावर सांग. माझ्या पुंजारामच्या पल्टणीत तू होतास. बदनापूरचं स्थळ आलंय, माणूस भला हाय, बायको वारलेली. मी सासू असून जा म्हणते, अन् ही म्हणती, थांबा.

कौसल्या : मी न्हाई म्हणले का, आत्याबाई? एकदा त्यांचं तोंड दिसू द्या, मंग तुम्ही म्हणाल तिथं जाते. भाऊजी, तुम्हीच मागच्या सुट्टीत म्हणलात, हिमालयातलं बरफ नदीवाणी चालतं. वर गाडलेला माणूस कधी ना कधी खाली निघतो.

राधाकिसन : निघतो, वहिनी. एक जवान निघाला बी, मिशीसकट जसाच्या तसा. पण समदं बरफ सारखं नसतं.

कौसल्या : बरफ ते बरफ.

राधाकिसन : मला बी तसंच वाटायचं. मंग तिथं एक साहेब आल्ते. बरफात भोक पाडून आत तार सोडायचे, ताप बघायचे, कुठं किती गार, कुठं किती ऊन. मधी बरफ लई जाड. तिथं तळाला ते ऊन असतं, म्हंजे वितळायच्या बेतात. खाली पाणी सुटतं, त्याच्यावरून वरचं समदं घसरत राह्यतं. कडंला मातर बरफ पातळ. थंडी पार तळापोहोत जाती. ते खडकाला चिकटून बसतं. बिलकुल हालत न्हाई.

कौसल्या : अन् हे कुठं पडले?



जयवंताबाई : बोल की बाबा.

राधाकिसन : कडंला. खाली भेग होती, वरून नुसता पापुद्रा. पाय ठेवला अन् गेला. दोर सोडला, पुरला न्हाई. अंधार पडंपोहोत आवाज देत राह्यलो.

कौसल्या : ओ दिली त्यांनी?

राधाकिसन : पहिल्यांदा दिली. म्हणला, ‘राधाकिसन, इथं वारा लागत न्हाई.’ मंग काहीच न्हाई.

कौसल्या : थंडी सोसायची न्हाई त्यांना. ज्वारी राखायला जाताना बी माझी वाकळ ओढून न्यायचे... बरं झालं सांगितलं, भाऊजी. आत्याबाई, बदनापूरवाल्यांना म्हणा, या. आष्टीच्या बाजारादिशी या म्हणा.

(जयवंताबाई पदर डोळ्याला लावते.)

कौसल्या : आता काहून रडता? तुम्हालाच पाहिजे होतं ना?

जयवंताबाई : मलाच. जा, आत जा पोरी, चहा ठेव ह्याला. ...गेली का? राधाकिसन, ते कडंचं बरफ... लई वर्सांनी तरी ऊन होत असंल, न्हाई का रं?