उपड्या तांब्यावरचा गिलास

माझा जन्म कोयनानगरचा. वडील धरणाच्या कामावर, आमी पत्र्याच्या कॉलनीत, आन् तिथली जमीन कशी, तर झोपलेल्या जनावरासारखी, कवा कूस बदलंल सांगता येत न्हाई. वडिलांनी मोठा हादरा बघितलेला. म्हणून आमच्या फळीवर कायम एक पितळी तांब्या उपडा आन् त्याच्यावर गिलास उपडा. गिलास किणकिणला की हातातलं टाकायचं आन् अंगणात पळायचं, का म्हणून इचारायचं न्हाई. आईच्या किती भाकरी तव्यावर करपल्या असतील. वडील म्हणायचे, भाकरी दुसरी थापता येती.

लग्न होऊन तासगावाकडं आले ती तांब्या-गिलास घेऊनच. सासूबाई म्हणल्या, ही कसली पूजा मांडलीस ग? आमचे हे तोफखान्यात सुभेदार. उजवा कान तोफांनी नेला, डावा तुझ्या बोलण्यानं, असं चारचौघांत सांगत्यात. तर अशा माणसाला मी म्हणलं, घर शांत जागेत बघा. आता काय सांगू तुमाला, चूक कुणाची म्हणायची?

पोराची नोकरी सांगलीत, म्हणून विश्रामबागला घर बघितलं. भिंतीला भिंत लागून मंगल कार्यालय. पण आमी पडलो लय हुशार, गेलो पितृपंधरवड्यात. तवा कोण घर बघत न्हाई, मालक नरम असतोय. मालक म्हणला, वैनी, ऐका, चिमणीचा आवाज येतोय. खोटं न्हाई बोलला, खरंच चिमणी वरडत होती. मी भिंतीला कान लावून बघितला, ह्यांनी त्यो गेलेला कान लावला आन् म्हणले, एकदम शांत. चातुर्मासात लग्नं नसत्यात हे मला, बाईमाणसाला, कळू नये? पोरांच्या पत्रिका घेऊन मुहूर्त बघत फिरणारी मी, घर बघताना पंचांग इसरले.

तुळशीचं लगीन झालं आन् पहिली वरात आली. मी भाजी चिरत होते. आधी आवाज न्हाई, आधी पायाखालची फरशी थरथरली, मंग खिडकीची काच, मंग गिलास खाली. मी नातीला पाळण्यातनं उचललं, सुनंला वरडले, पळ गं पळ, आन् रस्त्यावर. मागनं हे, बनियनवर, दाढीचा फेस तसाच. समोर भिंतीएवढे स्पीकरचे डबे लावलेला टेम्पो आन् नाचणारी पोरं. त्यांनी आमाला मधी घेतलं, वो काका, या की! आन् सुभेदारांनी, मला तोंड द्यायच्या ऐवजी, दोन हात वर करून नाचून दिलं. मीबी हसले. तवा हसू आलं बघा.

मंग रोजचंच झालं. हळद, वरात, साखरपुडा, वाढदिवस. कार्यालयवाल्याकडं गेलो, त्यो म्हणला, कार्यालय आधीचं हाय आन् तुमी नंतर आलाय. बरोबर हाय की. गिलास पडायचा, आमी दारापातुर जायचो. मंग उंबऱ्यापातुर. मंग सून नुसती मान वर करायची. शेवटी तिनं गिलास उचलून मांडायचाबी थांबवला, मीच मांडायची. आवं, हाडात भिनलेली सवय, पण दोन लगीनसराईत गेली. कशी गेली कळलंबी न्हाई.

गेल्या पौषातली गोष्ट. दुपारी जेवून आमी बसलेलो, नात खाली गोधडीवर. गिलास वाजला आन् पडला, घरंगळत माझ्या पायाशी आला. सून म्हणली, आज कुणाचं लगीन हाय? हे म्हणले, साखरपुडा असंल. मी म्हणलं, व्हय. आन् गिलास उचलून मांडला. मांडताना हात थांबला. पंखा बंद, तरी हलत होता. गाणं न्हाई, बाजा न्हाई, कुत्रं सुदिक न्हाई. पौषात कसलं लगीन?

खिडकीतनं बघितलं तर कार्यालयाला कुलूप, आन् तिथला वॉचमन रस्त्याच्या मधोमध उभा, हातात चपला. त्यो म्हणला, वैनी, हलली न्हवं? तुमी आतच?

एक त्योच तेवढा पळाला होता. त्याच्याकडं गिलास न्हवता, तांब्या न्हवता. आमी मातर, आन् मी तर कोयनेच्या पाण्यावर वाढलेली, आत बसून साखरपुडा ठरवत होतो. छताचा गिलावा थोडा खाली आला होता, नातीच्या उशाशी. जास्त न्हाई. मुठीएवढा.

तवापासनं गिलास पडला की मी नातीला काखंत मारून भाईर जाते, वरात असो न्हाईतर काय असो. कार्यालयातली माणसं मला वळखत्यात, आजी आली म्हणत्यात, हातावर बुंदी ठेवत्यात. पण पाय आता पहिल्यागत उठत न्हाईत. आन् नात, तिला काय झालंय माहिती हाय का? गिलास वाजला की टाळ्या वाजवती. नाचाय लागती. तिला वाटतंय, गिलास नाचासाठीच वाजतोय. तिला उलटं कसं शिकवायचं, सांगा तुमीच. घर इकू म्हणलं, तर येणारा दारातनं कार्यालय बघतोय आन् चहाबी न घेता जातोय. सगळी काय आमच्यावानी पितृपंधरवड्यात येत न्हाईत.

लगीन करणाऱ्यांवर राग न्हाई माझा. सुखी ऱ्हावा म्हणते, लेकराबाळांनी घर भरू दे. जमिनीला मातर हात जोडून सांगते, बाई, हलायचंच असंल तर पौषात हल, आमाला कळंल असं हल.

आज पलीकडं हळद हाय. आवं, बोलता बोलता पडला बघा गिलास. ऐकला न्हवं तुमी? तुमी काय उठला न्हाई.

मीबी अजून बसलेच हाय.