बॉनेट उघडायची काय गरज होती?

नाही, पण मला एक सांगा, बॉनेट उघडायची काय गरज होती? गाडी तुमच्या दारात आपल्या पायांनी चालत आली ना? ढकलत आणली होती का? दिवे लावून दाखवले, ब्रेक मारून दाखवला, हॉर्न वाजवून दाखवला... आता तो हॉर्न डावीकडे वळताना आपोआपही वाजतो, पण वाजतो ना? मुद्दा वाजण्याचा आहे! सव्वीस वर्षांची गाडी, पहिल्यांदाच मी स्वतः आरटीओत पासिंगला नेलेली, सगळं कसं सुरळीत चाललेलं, आणि तो तपासणीवाला साहेब, हातात पॅड, कानावर पेन, मला म्हणतो, “बॉनेट उघडा.” सहज हो! पाणी द्या म्हणावं तसं!

मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडे बॉनेट उघडत नाहीत.”

“उघडत नाही? अडकलंय का?”

“अडकलेलं नाही. आम्ही उघडत नाही.”

हसा, हसा! तो साहेबही हसला. पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात हा नियम होता. वडिलांनी घालून दिलेला. “इंजिन म्हणजे गाडीचं पोट. डॉक्टरशिवाय कुणी उघडायचं नाही.” डॉक्टर म्हणजे आमचे पानेकाका. चौकातले मेकॅनिक, हातात कायम पाना, जेवतानासुद्धा डाव्या हातात पाना, म्हणून पानेकाका. बाकी कुणी बॉनेटला हात लावायचा नाही. मीही नाही. वडील जाऊन पाच वर्षं झाली, तरी मी नियम मोडला नाही. आज्ञाधारक मुलगा! काय मिळालं आज्ञा पाळून, ते पुढे सांगतो.

आधी वडील कळायला हवेत तुम्हाला. बावीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी, आणि तोही एकाच कंपनीचा. नाकावर हा एवढा पितळी हत्ती! एकदा घाटात उतारावर वळण घेतात तर समोर दरड. मागे बारा टन लोखंडी पाइप. ब्रेक दाबला, आणि ट्रक थांबला कुठे, तर पुढचं चाक कड्यापासून वीतभर अलीकडे. वडील खाली उतरले, हत्तीवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या कंपनीच्या गाडीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. घरी आले ते हेच म्हणत. “गाडी असावी तर हत्तीची, बाकी सगळं भंगार!” आणि बॉनेटवर दोन थापा. धप, धप. वडील आल्याची आमच्यासाठी तीच खूण. धप, धप ऐकलं की मी पुस्तक टाकून धावायचो.

सुट्टीत मला ट्रकवर घेऊन बसायचे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं आणि मूठ माझ्या कानाला. “ऐक. काय म्हणतो?” मी म्हणायचो, “खोकतो.” “कोरडा की ओला?” आता इंजिनाला ओला खोकला असतो का? पण मी मोठ्या गंभीरपणे सांगायचो, “ओला.” “शाबास! माझा मुलगा हत्तीची भाषा बोलतो!” अख्ख्या ट्रान्सपोर्टच्या आवारात सांगत सुटायचे. काय दिवस होते हो ते... डिझेलचा वास अंगाला, आई दारातच अडवायची, “आधी हातपाय धुवा, दोन्ही हत्तींनी.”

मग ट्रक सोडला, आणि कार घेतली. कुणाची? विचारताय काय! आता गाडी म्हटलं की खोडी आल्याच. मागचं डावं दार आतून हात घालून उघडायचं. उजवी काच दोन्ही तळवे लावून, हलकेच, तिची समजूत काढत खाली घ्यायची. पावसात एकच वायपर चालायचा, पण ड्रायव्हरच्या बाजूचा! याला म्हणतात समजूतदार गाडी. आणि पुढची सीट आईची. आईच्या पाठीचं दुखणं जुनं, दुसऱ्या कुठल्याही गाडीत दहा मिनिटं बसली की दोन दिवस झोपून. तर वडिलांनी काय केलं, ती सीट कापली, जोडली, मागे फळी घातली, आत कापूस भरला, आणि आईला आठ वेळा बसवून, उठवून, बसवून, शिंप्यानं झंपराचं माप घ्यावं तशी सीट तिच्या मापाची करून घेतली. आठवड्यातून दोनदा तिला पाठ शेकायला दवाखान्यात न्यायचं, ते त्याच सीटवर. आजही. आई ब्याऐंशीची आहे आणि आजही फक्त त्याच सीटवर बसते. म्हणजे पासिंगमध्ये गाडी नापास झाली असती तर नुसती गाडी नाही जात हो, आईचा दवाखाना जातो, वडिलांनी केलेली सीट जाते... कळतंय ना, पास होणं किती गरजेचं होतं?

आता दाजी. माझ्या ताईचे यजमान. माणूस देवमाणूस, शांत, पण नोकरी कुठे? दुसऱ्या कंपनीत! सुट्या भागांच्या गोदामात. त्या कंपनीचं चिन्ह खरं म्हणजे हरीण आहे, धावतं हरीण. पण वडील म्हणायचे ससा. “मुलगी दिली सशाच्या घरी!” झालं. वडिलांनी एकदा म्हटलं आणि मी ते आयुष्यभर चघळलं. दाजी घरी आले की मी दारातच, “काय दाजी, पोचला का ससा धापा टाकत?” निघाले की, “दोरी घेतलीत ना बरोबर?” ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पन्नास माणसांसमोर मी माइक घेऊन हत्ती आणि ससा या विषयावर वीस मिनिटं बोललो! लोक पोट धरून हसले. दाजीही हसले. मला वाटलं, पटलं यांना!

आणि एकदा तर दाजींची गाडी भर बाजारात बंद पडली. मी गेलो, दोरी बांधली, आणि माझ्या गाडीनं त्यांची गाडी ओढत आणली. सरळ रस्त्यानं नाही बरं का, मुद्दाम डावीकडची वळणं घेत, म्हणजे हॉर्न वाजत राहावा! काच उघडून ओरडत होतो, “गाडी असावी तर हत्तीची, बाकी सगळं भंगार!” शेजारी वडील बसले होते. ते त्या दिवशी नुसते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ऊर भरून आला असेल.

तर तो साहेब. त्यानं स्वतःच खटका ओढला, बॉनेट वर केलं, आत वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग पॅडवर बघितलं, परत आत बघितलं. मला म्हणतो, “गाडी कुठल्या कंपनीची म्हणालात?”

मी छाती पुढे काढली. “साहेब, नाकावर बघा ना. हत्ती.”

“नाकावर हत्ती आहे हो, पण पोटात हे कोण आहे?”

वाकून बघतो तर... इंजिनाच्या झाकणावर, उठावाच्या अक्षरांशेजारी, चारही पाय हवेत टाकून धावणारा... ससा! माझ्या हत्तीच्या पोटात ससा! मी म्हटलं, “साहेब, काहीतरी चूक आहे, हे झाकण नुसतं...” तो म्हणाला, “झाकण नाही, अख्खं इंजिन त्यांचं आहे. आणि बसवलंय काय सुंदर! पण बदलल्याची कुठे नोंद नाही. इंजिन कुणी दिलं त्याचा कागद आणा पंधरा दिवसांत, नाहीतर गाडी भंगारात.” भंगार! तो शब्द, त्या गाडीला, माझ्या तोंडावर!

तसाच पानेकाकांकडे गेलो. म्हटलं, “काका, माझ्या गाडीत ससा कसा?” पानेकाकांनी पाना खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात रिकामा पाहिला. म्हणाले, “उघडलंस होय रे शेवटी?” मग सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी, मी ऑफिसच्या कामानं तीन महिने बाहेर होतो तेव्हा, हत्तीचं इंजिन जाम झालं. कायमचं. कंपनीनं सांगितलं, नवीन यायला दोन-अडीच महिने. इकडे आईची पाठ धरलेली, दवाखाना चुकवून चालणार नाही, आणि दुसऱ्या गाडीत तिला बसवेना. “तुझे वडील दिवसभर इथे या स्टुलावर बसले होते,” पानेकाका म्हणाले. “संध्याकाळी उठले, हत्तीवर हात ठेवला, म्हणाले, माफ कर बाबा, हिची पाठ आधी. आणि जावयांना फोन लावला.”

दाजींना! कळलं ना? दाजींच्या गोदामात एका ठोकलेल्या गाडीचं चांगलं इंजिन पडून होतं. त्यांनी रीतसर परवानगी काढली, टेम्पोत घालून स्वतः घेऊन आले, आणि पानेकाकांबरोबर दोन दिवस पट्ट्या कापत, जोडत, गाडीखाली आडवे पडून ते बसवलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, हा बॉनेटचा नियम कधीचा? चौदा वर्षांपूर्वीचा! जो माणूस लहानपणी माझं मुंडकं धरून बॉनेटखाली घालायचा, तो एकाएकी म्हणतो, पोट आहे, उघडू नका... आणि मला संशय आला नाही! उलट परत आल्यावर मी, हत्तीची भाषा बोलणारा मी, पहिली चक्कर मारून वडिलांना काय म्हणालो माहितेय? “बघा, जरा सर्व्हिसिंग केलं की हत्ती कसा डौलात चालतो! सशाला जमेल का?”

घरी येऊन आईला विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

“मला कोण सांगतंय? पण बसल्याबरोबर कळलं. आधी पाठीला हादरे बसायचे, ते थांबले.”

“मग मला का नाही बोललीस?”

“तू किती खुशीत असायचास रे. आणि तुझे बाबाही तुझ्याकडे बघून...” म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.

म्हणजे आईला माहीत, पानेकाकांना माहीत, दाजींना माहीत, ताईलाही माहीत असणारच. अख्ख्या खानदानात हत्तीवर निष्ठा असलेला एकच प्राणी उरला होता, तो मी!

गेलो दाजींकडे. रिक्षानं गेलो. गाडी नेण्याचं तोंड होतं का? दारात उभा राहिलो तर आत बोलावून पाणी दिलं. मी म्हटलं, “दाजी, इंजिनाचा कागद...” ते उठले, कपाट उघडलं, फाइल काढली. चौदा वर्षं जपून ठेवलेला कागद. गोदामाचा शिक्का, इंजिनाचा नंबर, आणि खाली वडिलांचं अक्षर. ते ट्रकवाल्याचं, थोरलं, ओळ सोडून वर चढत जाणारं अक्षर. “जावयांकडून इंजिन मिळालं. बसवलं. उत्तम चालतं. मुलाला सांगू नये.” आणि सही.

मुलाला सांगू नये! काय सांगू तुम्हाला... मला वाचताच येईना पुढचं. पुढे काही नव्हतंच.

मी म्हटलं, “दाजी, चौदा वर्षं. वीस मिनिटांचं ते भाषण. ती दोरी! माझ्या गाडीत तुमचंच इंजिन, आणि मी तुम्हाला बाजारातून ओढत... एका शब्दानं गप्प करता आलं असतं मला. का नाही बोललात?”

दाजी म्हणाले, “अरे, तू सुरू झालास ना, की तुझे वडील टेबलाखाली माझा हात धरायचे. घट्ट. तू थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. मला माझे वडील आठवत नाहीत रे, मी दोन वर्षांचा असताना गेले... तेव्हा मला वाटायचं, बोलू दे याला अजून थोडं.”

बोला आता. काय बोलता यावर? मी मोठा माणूस, पंचावन्न वर्षांचा, त्यांच्या सोफ्यावर बसून रडलो. वाईटही वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, हेवाही वाटला. माझे वडील, आणि हात यांचा!

गाडी पास झाली. आता तिच्या कागदावर रीतसर लिहिलंय, गाडी हत्ती, इंजिन ससा. आई मंगळवारी-शुक्रवारी तिच्या सीटवर ऐटीत बसते. आणि दाजी... चौदा वर्षं गप्प बसलेला माणूस, गुपित फुटल्यापासून असा सुटलाय म्हणता! रोज सकाळी आठला फोन. “काय म्हणतंय आमचं इंजिन?” उत्तर द्यावंच लागतं हो. म्हणून रोज किल्ली लावताना मी मनातल्या मनात हात जोडतो, आज सुरू होऊ नकोस बाबा, एकदा, फक्त एकदा नखरे कर, मला चार शब्द बोलायला जागा दे... कसलं काय! किल्ली अर्धी फिरते न फिरते तोच सुरू! मेलं बंदच पडत नाही!