येळवशीला कुणाच्या शेतावर?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय बब्रुवानराव, व्यासपीठावर बसलेले आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर रणधीर साहेब, उद्यापासून माझं काम सांभाळणारी राजेश्वरी, दूध संस्थेची सगळी मंडळी, समोर बसलेल्या आयाबहिणी आणि भावांनो. आणि माझ्या निरोपापायी सकाळपासून बाहेर लिंबाखाली खोळंबलेल्या मुक्या जिवांनो, तुम्हा सर्वांना शिवलीला बिराजदारचा मनापासून नमस्कार.

शाल मिळाली, नारळ मिळाला, हार मिळाला. हार गळ्यात पडताना मी जरा मागं सरकले, ते तुमच्या लक्षात आलं असेल. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गळ्यात दावं अडकवायची सवय, आपल्या गळ्यात काही येतंय म्हटल्यावर बिचकायला होतं. अध्यक्ष महाराज, राग मानू नका.

साहेब आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करू द्या. रोग साहेबांनी ओळखले, औषधं साहेबांनी दिली. मी जनावर धरलं. एवढंच माझं काम होतं आणि ते मला आवडायचं. माझे यजमान याच खात्यात होते. ते गेले आणि अनुकंपेवर मी या दवाखान्यात आले, तेव्हा गाय आणि म्हैस यातला फरक सोडला तर मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. गावात ओळखीचं कुणी नाही, मूलबाळ नाही. तिकडं कर्नाटकात, आळंदकडच्या घरात आम्ही कानडी बोलायचो, इथं कानडी बोलायला कुणी नाही. मग मी ते जनावरांशी बोलायला लागले. उपचारासाठी लाकडी खोड्यात अडकवलेली गाय थरथरत असली की तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "अंजबॅड, अंजबॅड." म्हणजे भिऊ नको. या समोर बसलेल्या सिताबाई मागं एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, आमची गाय तुमचं कानडी ऐकून दूध वाढवाया लागलीय." सिताबाई, तुम्ही हसलात, पण खरं सांगते, या गावात माझी भाषा ऐकून कान हलवणारी तेवढीच एक होती.

राजेश्वरी, तुला साहेबांनी सगळं शिकवलंय. ताप बघताना शेपटी हळूच बाजूला धरायची, नाडी शेपटीच्या बुडाशी खालून बघायची, डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खळग्यात, मूठ दाबून पोट चालतंय का ते बघायचं. औषध पाजताना जीभ ओढायची नाही, मान उगीच उंच करायची नाही, ठसका लागला की लगेच तोंड सोडायचं. हे तुला येतं. मी आज दोनच गोष्टी पुन्हा सांगते, कारण पुढच्या बोलण्यात मला त्या लागणार आहेत.

पहिली. जनावराला हात लावायच्या आधी आवाज दे. सरळ मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं जायचं, लांबूनच काहीतरी बोलत जायचं. आपण आलोय हे त्याला कळलं पाहिजे. न बोलता अंगावर हात पडला, मग तो कितीही मायेचा असो, तर जनावर लाथ मारतं आणि त्यात त्याची काही चूक नसते.

दुसरी. गोठ्यात शिरलीस की ओरडणाऱ्या जनावराकडं आधी बघू नकोस. ते दुखतंय म्हणून सांगतंय तरी. कळपापासून बाजूला जे गुपचूप उभं आहे, कान पाडून, रवंथ न करता, त्याच्याकडं आधी जा. मालक म्हणेल, "त्ये? त्येला काय झालंय? त्ये तर गरीब हाय, कधी तरासच देत न्हाय." त्याचं ऐकू नकोस. आधी त्यालाच बघ.

आता अध्यक्षांच्या भाषणाकडं येते. बब्रुवानराव म्हणाले, "शिवलीलाबाईला घराची काय चिंता? सगळं गावच बाईचं घर हाय." तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही हसले. पण चिंता आहे, अध्यक्ष महाराज. दवाखान्यामागची सरकारी खोली मला आता सोडायची आहे. भाऊ आळंदहून रोज फोन करतो, सामान बांध, टेम्पो पाठवतो. आणि इथं मारुतीच्या देवळामागं मी एक खोली बघून ठेवली आहे. तिला अजून हो म्हटलेलं नाही आणि भावालाही हो म्हटलेलं नाही. लोक विचारतात, "बाई, ऱ्हाणार का जाणार?" मी म्हणते, बघू. खरं कारण आज सांगते. या गावात माझं कुणी आहे का, हे मला अजून कळलेलं नाही.

मी भांडायला उभी नाही.

रणधीर साहेब, तुम्ही नगरकडचे, म्हणून तुमच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. आंबिलीचं मडकं डोक्यावर, शेंगाभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, भाकरीची टोपली घेऊन सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, पूजा करायची आणि झाडाखाली पंगती. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. दुकानदार, मास्तर, तलाठी, पोस्टमन, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात. न जेवता माघारी येईल असा माणूस त्या दिवशी या मुलखात सापडायचा नाही.

साहेब, एक सापडतो. दवाखान्यामागच्या खोलीत.

मी आले त्या पहिल्या वर्षी अध्यक्षांच्या मातोश्री, देव त्यांना शांती देवो, मला दवाखान्याच्या दारात विचारत्या झाल्या, "बाई, येळवशीला कुणाच्या शेतावर?" मी नवी, लाजरी. आता 'कुणाच्याच नाही' असं कसं म्हणायचं? मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमाला काय कमी हाय? घराघरात तुमचा हात लागलाय. लई जागी जावं लागंल." आणि माऊली हसत निघून गेली. तेव्हापासून दर वर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. विचारणारा वाईट नसतो, त्याला मनापासून वाटतं की बाईला दहा ठिकाणी बोलावणं असणार, आपण अकरावं कशाला? अशी सगळ्यांनी माझ्यावर दया केली आणि मी घरात राहिले.

कुणी म्हणेल, येळवशीला बोलावणं कशाला लागतं? वाटेनं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला घालतो आम्ही. घालता, मी पाहिलंय. पण एकटी बाई कुणाच्या बांधावर जाऊन उभी राहणार, मला हाक मारा म्हणून? मी एकदा गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेले होते. दोन्हीकडच्या रानांतून धूर निघत होता, पोरांचा गलका ऐकू येत होता. पुलावर एक कुत्रं होतं, तेही उठून कुणाच्या तरी रानात गेलं. मग मी परत आले आणि पिठलं टाकलं.

गोरोबातात्या, आता तुमची गोष्ट सांगते. मान खाली घालू नका, गोष्ट चांगली आहे. एका येळवशीला भर दुपारी तात्या मोटारसायकल घेऊन धापा टाकत दारात. "बाई, गाय फुगली! सगळ्यांच्या नजरा चुकवून उंड्याच्या टोपलीत तोंड घातलं तिनं!" साहेब रजेवर होते, फोनवर सांगत गेले आणि मी करत गेले. पुढचे पाय उंचावर घेतले, तोंडात लिंबाची आडवी काडी बांधली, तेल पाजलं, डावी कूस चोळत बसले. गाय घाबरलेली, मी तिच्याशी कानडीत बोलतेय. खूप वेळानं तिनं एक मोठी ढेकर दिली. अख्ख्या रानानं टाळ्या वाजवल्या! तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातपाय धुतले. समोर पंगत बसली होती, भज्जीचा वास येत होता आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

आणि तात्या हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कुठंतरी जेवता जेवता उठून आला असाल. त्या लोकांचा खोळंबा नको. चला, सोडतो."

आणि सोडलं! दवाखान्याच्या दारात! वर विचारलं, "हितनं जवळ हाय न्हवं त्येंचं शेत?" मी म्हटलं, हो, जवळच आहे.

हसा, हसा. मीही त्या दिवशी आत जाऊन आधी हसलेच. मग रडले. ती गाय टोपलीभर उंडे खाऊन आजारी पडली आणि तिच्यावर उपचार करणारी बाई उपाशी, यावर माणसानं दुसरं काय करावं?

तुमच्या प्रत्येकाच्या गोठ्यात मी शिरले आहे. कुणाची गाय डाव्या अंगाला हात लावू देत नाही, कुणाचा बैल टोपीला बुजतो, मला ठाऊक आहे. पण गोठ्याच्या पुढं दोन पायऱ्या चढल्या की घर असतं. तिथं मला कधी जावं लागलं नाही. काम गोठ्यात संपायचं, तुम्ही दारातून पाणी आणून द्यायचात, मी ते उभ्यानं पिऊन निघायचे. लळा मला जनावरांचा लागला. ती विकली जातात, म्हातारी होतात, जातात. मग खोलीवर येऊन मी एकटीच त्यांची नावं आठवत बसते, कारण ती कुणाला सांगायची हेही मला माहीत नसतं.

आता येळवस जवळ आली आहे. आता मी दवाखान्याची बाई नाही, कुणाच्या गाईचं काही दुखलं तर राजेश्वरी येईल. माझा काही उपयोग उरलेला नाही. म्हणूनच आज विचारायला बरं वाटतं. यंदा येळवशीला मला कुणी आपल्या शेतावर नेईल का? भावाला काय कळवायचं, ते त्यावर ठरवेन.

हे बघा, आता कसे एकमेकांकडं बघायला लागलात! "तुमच्याकडं येत नव्हत्या? आम्हाला वाटलं तुमच्याकडं..." ऐकू येतंय मला इथं.

थांबा, थांबा. हात खाली घ्या सगळ्यांनी. बब्रुवानराव, तुम्हीसुद्धा. तात्या, तुमच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसतंय, तुम्ही आधी ते पुसा. सगळ्या गावानं एकदम बोलावलं तर पुन्हा तेच व्हायचं. जो तो म्हणेल बाई दुसरीकडं गेल्या आणि मी आपली खोलीत पिठलं ढवळत बसेन. मला सगळं गाव नको. मला एक घर पाहिजे.

सिताबाई, तुम्ही हात वर केला नाहीत. तुम्ही उठून पुढं चालत आलात आणि इथं पायरीशी उभ्या राहिलात. काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मागं ऐकू जात नाही.

"म्या सकाळी घ्यायला येते. चालतच जाऊ."

ऐकलंत? माझं उत्तर भावाला आज संध्याकाळीच कळवते. टेम्पो पाठवू नकोस म्हणून.

अध्यक्ष महाराज, साहेब, आपण एवढा सन्मान केलात, त्याबद्दल ऋणी आहे. मंडप घालणाऱ्यांपासून चहा देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर या जनावरांत राहिलेल्या बाईला पदरात घ्या. आणि सिताबाई, त्या सकाळी याल तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच आवाज देत या. दारात कुणी न्यायला आलंय, याची मला सवय नाही. मी घाबरेन.

नमस्कार.