चौदा दिवसांची कातडी

(नगरमधलं एक इस्पितळ, १९४४ चा उन्हाळा. सहादेवच्या भाजलेल्या पाठीवरची पट्टी डॉक्टर सोडत आहेत; त्याची बायको साळू शेजारी आहे. तो तापाच्या गुंगीत पालथा पडून आहे.)

डॉक्टर : हात लावू नकोस, साळू. आधी मला नीट बघू दे. आज कितवा दिवस?

साळू : सहावा. वास येतुय, डाक्टरसाहेब.

डॉक्टर : येणारच. कातडीच्या कडा सुटल्यात, मधे काळी पडली आहे. मागच्या वेळी गळायला चौदा दिवस लागले होते.

साळू : तवा धा दिस कशी गुलाबी हुती. मला वाटलं, माझी कातडी लागली ह्यांना. आत्याबाईंनी तर नवसाचा नारळ बी आनला.

डॉक्टर : चौदा, आणि आता सहा. अगदी बरोबर.

साळू : बरोबर म्हंजी?

डॉक्टर : विलायतेच्या मासिकात वाचलं होतं. दुसऱ्याची कातडी लावली तर काही दिवस जगते आणि गळून पडते. त्याच माणसाची पुन्हा लावली, तर आणखी लवकर गळते. मला स्वतः मोजून बघायचं होतं.

साळू : म्हंजी गळनार, हे तुमाला ठावं हुतं?

डॉक्टर : पहिल्या वेळी अंदाज होता. दुसऱ्या वेळी खात्री.

साळू : माझ्या दोनी मांड्या सोलल्या तुमी. आन आत्याबाई म्हनत्यात, मनात खोट ठिवून दिली म्हून गळली. गुऱ्हाळावर हे रसाच्या उकळत्या काहिलीत पाठीवर पडले, त्याच्या आदल्या दिशी ह्यांनी मला मारलं हुतं. त्ये मी धरून बसले म्हनं. ह्या डावाला गळली तर मला घरात घेनार न्हाईत. माझ्या बापाला कुकाण्याला सांगावा गेलाय. दोन वर्साची पोर हाय माझी, ती त्या ठिवून घेनार.

डॉक्टर : तुझ्या मनाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.

साळू : मंग एवढंच त्यास्नी सांगा. माझ्या तोंडातनं पटायचं न्हाई. तुमचं आयकतील.

डॉक्टर : सांगेन. पण आज नाही.

साळू : का?

डॉक्टर : सख्ख्या आईची किती दिवस टिकते, ते बघायचं राहिलं आहे. गळणार असं आधीच सांगितलं, तर कुठली आई मांडी पुढे करील?

साळू : आन ह्यांची पाठ कवा भरायची?

डॉक्टर : भरेल. त्याचे पाय धड आहेत. त्याच्याच पायाची काढून लावायची. स्वतःची लागते.

साळू : मंग पयल्यांदाच ह्यांचीच का न्हाई लावली?

डॉक्टर : मग मोजायला काय राहिलं असतं?

केशरबाई : (सहादेवची आई, आत येत) काय मोजताय? मी आले तशी गप का झालात? सरक गं, बघू दे माझ्या लेकराची पाठ. गळली. गळली न्हवं पुन्यांदा?

साळू : आत्याबाई...

केशरबाई : माझ्या सख्ख्या भावाची लेक, म्हून हुंडा न घेता सून करून आनली. लोकाची असती तर म्हनले असते, परकी हाय. बोटभर कातडं नवऱ्याला मनापासनं देता आलं न्हाई तुला?

साळू : कुनाची बी गळती. डाक्टर आत्ताच म्हनले. तुमची बी गळंल. विचारा त्यास्नी.

केशरबाई : माझी गळंल? नऊ महिनं ज्याला ह्याच कातड्यात वागवला, त्याला माझी लागायची न्हाई? असं म्हनला तुमी, डाक्टरसाहेब?

डॉक्टर : केशरबाई, प्रत्येक माणसाची गोष्ट निराळी असते. आईचं मी अजून पाहिलेलं नाही.

केशरबाई : आयकलं? सोताचं झाकायला डाक्टरच्या नावावर खोटं बोलती. डाक्टरसाहेब, माझी घ्या. आजच घ्या.

डॉक्टर : घेऊ. दुखेल बरं का.

केशरबाई : ह्याला जलम देताना दुखलं न्हाई व्हय? साळे, बाप येस्तवर ओसरीवर बस. माझ्या पोराच्या खाटंला हात लावू नगं.

साळू : डाक्टरसाहेब, माझ्याकडं बघून सांगा. एकदाच.

डॉक्टर : तू थकली आहेस. माहेरी जा, आराम कर. मांड्या भरत आल्या की दाखवून जा. त्याचीही नोंद हवी आहे मला.

केशरबाई : जाती का न्हाई?

साळू : जाते. आत्याबाई, मांडीच्या जखमंला लुगडं चिकटू देऊ नगा, सोडवताना जीव जातो. मधी केळीचं पान घाला. आन धा दिस तुमची कातडी बी गुलाबी दिसंल. तवा नारळ आनू नगा.