दफनभूमीच्या फाटकाशी

पार्किंगच्या दंडाविरुद्ध अपील करायला ग्लेनिस कौन्सिलच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारे टकवेल होते.

"पिवळ्या पट्ट्यावर गाडी लावलीत, मिस्टर टकवेल," खिडकीमागची कारकून बाई म्हणाली.

"लावली कुठं? दफनभूमीच्या फाटकाशी जरा थांबलो. दर रविवारी थांबतो."

"कुणाला गाडीत घ्यायला थांबता येतं. नुसतं थांबता येत नाही."

"कुणाला घेणार, बाई? माझ्या बायकोला, एनिडला पुरून वर्ष झालं."

"फोटो बघते हं. यात तुम्ही एकटेच आहात."

"एकटाच असतो."

"पुढच्या फोटोत तुमच्या शेजारी कुणीतरी बसलंय. हिरवी टोपी, मांडीवर पर्स. मग मिटलंच की, दंड रद्द."

"ती टोपी तिच्याबरोबरच पुरली होती."

"काय म्हणालात?"

"उतरताना दिसते का ती?"

"नाही. शेवटच्या फोटोत गाडी निघालीय, आणि त्या आतच आहेत."

टकवेलांनी गाडीची किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवली आणि ते ग्लेनिसकडे वळले.

"पोरी, इथं बस कुठं मिळते?"