हिरवा ठिपका

नाव: सर्वत्र ‘पंडित’ म्हणून परिचित. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: मुद्रितशोधक, कोश विभाग, विद्यापीठ. पत्ता: कर्मचारी निवास, तळमजला, एकटा.

मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, आमचे कोश-संपादक सात महिन्यांपूर्वी दिवंगत झाले. त्यांचे संगणकीय खाते मात्र हयात राहिले. कारण खाते बंद करण्याच्या अर्जावर खातेदाराची स्वाक्षरी अनिवार्य होती.

सव्वीस वर्षे आमची टेबले समोरासमोर होती. शुद्धलेखनाशी त्यांचे आजन्म वैर. ‘कृपया’ हा शब्द ते ‘क्रुपया’ असाच लिहीत. मी आक्षेप घेतल्यास म्हणत, “पंडित, अर्थ पोचला ना? मग बाकीचं तुम्ही निस्तरा.” मी निस्तरत असे.

सोमवारी सकाळी ११.१० वाजता माझ्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका उजळला. पाठोपाठ संदेश आला: ‘कृपया सोबतची फाईल उघडावी.’ शब्द निर्दोष होता. सबब लिहिणारा इसम ते नव्हेत, हे मला तत्क्षणी समजले. संशयास्पद काही आढळल्यास तत्काळ संगणक कक्षास कळवावे, ही सूचना माझ्या टेबलामागील भिंतीवर आहे; तिचे मुद्रितशोधन मीच केले होते. मी कळविले नाही. ‘आहात का?’ असे टंकलिखित केले. उत्तर आले नाही.

११.४० वाजता विभागात नव्याने रुजू झालेल्या सहायिकेने विचारले, “सर, मलाही आलीय ही फाईल. संगणक कक्षानं जुनं काहीतरी पाठवलं असेल. उघडू का?” मी म्हणालो, “वरिष्ठांची आज्ञा आहे, बाई. सध्या ते कुठे असतात, हा मुद्दा गौण.” ती हसली आणि तिने फाईल उघडली.

चारच्या सुमारास संगणकावरील कोशाची पाने एकामागून एक उघडेनाशी झाली. तोवर मी काय करीत होतो, असे विचारल्यावरून सांगतो की, मी ठिपका पाहत होतो.

४.२० वाजता सहायिका रडू लागली, तेव्हा मी संगणक कक्षास दूरध्वनी केला. कक्षप्रमुख म्हणाले, “अहो, सकाळीच एक फोन केला असतात तर सगळं वाचलं असतं.” ४.२३ वाजता त्यांनी खाते बंद केले. कोणाचीही स्वाक्षरी लागली नाही. ठिपका विझला.

सहायिकेस त्याच सायंकाळी निलंबित करण्यात आले. तिला नोकरीस लागून चार महिने झाले आहेत. मी काय म्हणालो होतो, हे तिने चौकशीत सांगितले नाही. म्हणून मी सांगत आहे. क्रुपया दोष तिच्या नावे लिहू नये.

वरील जबाब हवालदारांनी लिहून मला वाचून दाखविला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. स्वाक्षरीपूर्वी मी तो स्वतः वाचला असता मागील परिच्छेदात एक शब्द अशुद्ध आढळला. हवालदार खाडाखोड करू लागले. मी त्यांना थांबविले.